पट्टी तुटली होती, आणि बातमी माझी चुकली होती

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. चहा घेऊन बसा, नाहीतर सेव्ह करून रात्री वाचा.

मे महिन्यात आपल्या विट्याजवळच्या एका माळावर मोटारसायकलींची शर्यत झाली होती. मातीचे उंचवटे, उड्या, धुरळा, डीजे, सगळं होतं. त्यात एका बावीस वर्षांच्या पोराची गाडी उडी मारून खाली आली आणि मागचं चाक जागच्या जागी जाम झालं. पोरगं हँडलवरून पुढं फेकलं गेलं. नडगीचं हाड मोडलं. रात्रीच मिरजेला नेलं, रॉड टाकला. आता कुबडी घेऊन चालतंय. जिवावरचं पायावर निभावलं.

दुसऱ्या दिवशीची बातमी माझी होती. चौदा ओळी. मथळा : ‘जुगाड गाडीने केला घात’. आत लिहिलं होतं की, विनापरवाना गॅरेजमध्ये दुसऱ्याच गाडीचे इंजिन बसवलेली दुचाकी शर्यतीत उतरवल्याने हा अपघात झाला. माहिती संयोजकांपैकी एकाने फोनवर दिली. गाडी मी पाहिली नव्हती, गॅरेजही पाहिलं नव्हतं. पत्रकारितेच्या डिप्लोमात पहिल्याच महिन्यात शिकवतात की दुसरी बाजू घ्या. पान सोडायची वेळ झाली होती, मी घेतली नाही. बास, एवढंच कारण. याच्यापेक्षा मोठं कारण माझ्याकडे नाही.

बातमीचं कात्रण आपल्या सगळ्या ग्रुपवर फिरलं. गॅरेजचं नाव मी छापलं नव्हतं, पण आपल्या गावात न छापलेलं नाव लवकर कळतं. दोन दिवसांनी पोलीस त्या दुकानात जाऊन आले, विचारपूस करून गेले. एका शाळेच्या गेटचं काम ठरलं होतं, ते दुसऱ्याला गेलं. मला हे काहीच माहीत नव्हतं. मला कळलं ते जुलैत, पावसाचं पाणी घरात येत होतं म्हणून खिडकीला पत्र्याची झडप करून घ्यायला मी त्याच दुकानात गेलो तेव्हा.

मेस्त्रींचं वय पंचावन्नच्या पुढं. नाव लिहीत नाही. त्यांनीच सांगितलंय, "आता नाव नको, एकदा झालं तेवढं बास." झडपेचं माप सांगून झालं. मग म्हणाले, "तुमीच न्हवं का ती बातमी दिल्याली?"

मी हो म्हणालो.

ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. भिंतीवर शॉप ॲक्टचा दाखला फ्रेममध्ये होता, त्याच्याकडं फक्त बोट केलं. मग ड्रॉवरमधून चिंधीत बांधलेली एक लोखंडी पट्टी काढली, माझ्या हातात ठेवली. दोन तुकडे होते. "ही ती पट्टी. तुटल्याल्या जागी बगा. किती रंग दिसत्यात?"

दोन दिसत होते. अर्ध्याहून जास्त भाग काळपट-तांबूस, गंजल्यासारखा. उरलेला बारीक पट्टा खडबडीत आणि करडा.

"काळं हाय ते आधीचं. लई दिस भेग वाढत आल्या. करडं हाय तेवढंच त्या दिवशी तुटलंय."

म्हणजे काय, ते समजायला मला थोडा वेळ लागला. तुम्हालाही सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. इंजिन गाडीच्या चेसीला ज्या पट्ट्यांनी आणि बोल्टांनी धरलेलं असतं त्याला गॅरेजमध्ये फाउंडेशन म्हणतात. एका सिलिंडरचं इंजिन कधीच शांत बसत नाही. आठ हजार आरपीएमला फिरत असेल तर फाउंडेशनला मिनिटाला आठ हजार हिसके. अर्ध्या तासाच्या सरावात दोन लाख चाळीस हजार. लोखंड एका मोठ्या दणक्याने तुटतं असं आपल्याला वाटतं. या जागेवर ते तसं तुटत नाही. एखाद्या टोकदार कोपऱ्यात केसाएवढी भेग पडते, ती रोज थोडी पुढं सरकते, आत हवा-पाणी जाऊन काळी पडते, आणि उरलेल्या लोखंडाला भार पेलेनासा झाला की एके दिवशी एका उडीत कट्‌कन जातं. त्या दिवशी पुढची पट्टी गेली, इंजिन मागच्या बोल्टांवर कललं, चेन स्प्रॉकेटवरून उतरून अडकली, चाक जाम.

म्हणजे ती भेग शर्यतीच्या सकाळी तिथं होती. टॉर्च मारून कुणी पाहिलं असतं तर दिसली असती. गाडी रांगेत उभी होती, पोराकडून पाचशे रुपये प्रवेश फी घेतली, हेल्मेट आहे का बघितलं, पाठीवर नंबर चिकटवला. इंजिनाकडं कुणी वाकून पाहिलं नाही.

इथं मला मेस्त्रींचं एक वाक्य लिहिलंच पाहिजे, कारण ते त्यांनी न विचारता सांगितलं. "कोपरा माझा चुकला. आतला कोपरा मी काटकोनात कापलाय. गोल कराय पायजे हुता. भेग तितनंच निघाल्या." पट्टी चार मिलिमीटरची होती, तीही जाड घ्यायला हवी होती, हेही त्यांनीच सांगितलं. सरावाचे दोन दिवस झाले की गाडी परत दाखवायला आण, असं त्यांनी पोराला बजावलं होतं. पोरगं आलं नाही. सरावाला गाडी टेम्पोत घालून न्यायची ही अटही त्याने मोडली, बायपासवरून चालवत नेली. हे पोराने स्वतः माझ्याजवळ कबूल केलंय, आणि लिहायला त्याची हरकत नाही.

आता वाटण्या करा बघू. कोपरा मेस्त्रींचा. हयगय पोराची. तपासणी न करण्याचा दोष संयोजकांचा. आणि माझ्या बातमीने सगळं मिळून एकट्या मेस्त्रींच्या दारात टाकलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात तसं अगदी नाही, कारण मेस्त्री स्वतःला संन्यासी म्हणवत नाहीत. पण ज्याने आपली चूक मोजून मिलिमीटरमध्ये सांगितली तोच एकटा यात बदनाम झाला.

पोराचे वडील गलाईवाले. आपल्या भागातली निम्मी घरं तशीच, माणूस तामिळनाडूत नाहीतर केरळात, सोनं-चांदी गाळायच्या दुकानात, आणि पोरगं इथं आजीजवळ. ते अपघातानंतर आले ते तावातावानं आले. मेस्त्रींवर केस करायची म्हणत होते. मेस्त्रींनी त्यांनाही ती चिंधी सोडून दाखवली. त्यांच्या खिशात धंद्याचं भिंग होतं. ते डोळ्याला लावून त्यांनी तुटलेली कड दोन्ही बाजूंनी पाहिली आणि म्हणाले, "हे जुनं आहे." केसचा विषय तिथं संपला. गाडी विकायची की ठेवायची यावर बापलेकांचं भांडण अजून चालू आहे, तो त्यांच्या घरचा प्रश्न. पण मेस्त्री म्हणाले, पट्टी माझी तुटली, नवा संच माझ्या पैशाने करून देणार, मग गाडी विका नाहीतर शोकेसमध्ये ठेवा.

तो संच करताना मी तीन संध्याकाळी त्या दुकानात बसलो. चौदा ओळींची भरपाई म्हणा.

गाडी हिरोची इम्पल्स. २०११ साली आलेली, दीडशे सीसीची, उंच, मातीत चालायला बरी, पण अंगात दम कमी. कंपनीने पुढं ती बंद केली. चेसी चांगली आणि इंजिन दमलेलं, म्हणून डर्टवाली पोरं त्यात करिझ्माचं २२३ सीसीचं इंजिन टाकतात. परदेशातून आलेली खरी डर्ट बाइक घ्यायची तर काही लाख लागतात, ते कुठून आणणार? पण दोन्ही इंजिनांचे कान, म्हणजे बोल्ट जायच्या जागा, जुळत नाहीत. चेसीवरचे जुने ब्रॅकेट कापून नवे करावे लागतात. काम म्हणजे हेच. इंजिन आत मावलं म्हणजे बसलं असं नव्हे.

मला वाटलं होतं, आधी इंजिन ठेवतील, मग पट्ट्या जोडतील. मेस्त्रींनी सुरुवात मागच्या चाकापासून केली. चाक नीट सरळ बसवलं, मागच्या स्प्रॉकेटला एक लांब सरळ ॲल्युमिनियमची चॅनेल टेकवली आणि ती पुढं इंजिनाच्या स्प्रॉकेटपर्यंत आणली. इंजिन लाकडी ठोकळ्यांवर ठेवलेलं होतं. खाली पातळ पाचरी सारत, बाजूला ढकलत, तासभर ते फक्त ती रेघ जुळवत होते. "आदी चेन, मग इंजिन, मग पट्टी," म्हणाले. चेन दोन मिलिमीटर तिरकी गेली तरी ती स्प्रॉकेटचे दात खाते, आणि उडीवर उतरायला वेळ लागत नाही.

चेन जुळल्यावर बाकीची तपासणी. पुढचा शॉकअप पूर्ण दाबला तर चाक सायलेन्सरच्या वाकाला लागतंय का? इंजिनाचं डोकं टाकीखालच्या पाइपला घासतंय का? ऑइल काढायचा बोल्ट खालून उघडता येईल का? कार्ब्युरेटरला फिल्टरपर्यंत जागा आहे का? एका ठिकाणी बोट जात नव्हतं. सगळं परत पहिल्यापासून. दुसरं कुणी असतं तर शिव्या घातल्या असत्या. यांनी बिडी पेटवली.

मग नमुना. पुठ्ठ्याचा. लग्नपत्रिकेचा पुठ्ठा यासाठी सगळ्यात चांगला, असं ज्ञान मला मिळालं, कारण तो कडक असतो आणि कड साफ कापली जाते. कुणाच्या तरी चि. सौ. कां. च्या नावावर पेन्सिलने भोकं मारून पुढच्या फाउंडेशनचा आकार तयार झाला. तो पुठ्ठा सहा मिलिमीटरच्या लोखंडी प्लेटवर ठेवून सुईने रेघ ओढली. आणि आता ज्या कोपऱ्याने सगळं रामायण घडवलं तो कोपरा. मेस्त्रींनी आधी त्या आतल्या कोपऱ्यात ड्रिलने भोक पाडलं आणि मग दोन्ही बाजूंनी ग्राइंडरचा काप त्या भोकापर्यंत आणून सोडला. काटकोन राहिलाच नाही, गोलाई आपोआप मिळाली. मग कानशीने ती घासून गुळगुळीत केली. एवढंसं काम. मेच्या आधी ते केलं असतं तर, असं मी म्हणालो नाही. तेच म्हणाले.

दोन्ही बाजूंच्या प्लेटा एकमेकींना शिकंज्यात धरून एकदमच ड्रिल केल्या, म्हणजे भोकं समोरासमोर येतात. इंजिनाचा कान दोन प्लेटांच्या मध्ये, एका बाजूला लटकता नाही. कान आणि प्लेट यांच्यातल्या फटीत आपल्याकडं सर्रास वायसरची चळत घालतात. मेस्त्रींनी शेजारच्या लेथवर माप देऊन बुश उतरवून आणले. एक बुश पाव मिलिमीटरने जास्त होता, परत पाठवला. मी विचारलं, एवढ्याने काय होतं, बोल्ट आवळला की बसेल की. तेव्हा पहिल्यांदा ते जरा ओरडले. "आवळून बसवायचं न्हाई! बोल्ट बोटानं आत गेला पायजे. पाना लावून वढला तर ताण कुटं जातोय? कानावर जातोय. कान ॲल्युमिनियमचा. आज न्हाई, म्हैन्यानं तुटतोय." इंजिनाचा कान तुटला म्हणजे अख्खी क्रँककेस गेली. पट्टी काय, दोनशे रुपयांत होईल.

वेल्डिंगचं तर मला काहीच माहीत नव्हतं. इंजिन जागेवर असताना फक्त चार-चार ठिपके मारायचे, टॅक. मग इंजिन बाहेर काढायचं, कारण करंट इंजिनाच्या बेअरिंगमधून गेला तर ती खराब होतात. इंजिनाच्या जागी जाड पाइपचे तुकडे बोल्टने अडकवून ठेवायचे, कारण वेल्डिंग गार होताना लोखंड ओढतं आणि भोकं सरकतात. एका बाजूला इंचभर, मग दुसऱ्या बाजूला इंचभर, मध्ये थांबायचं. पाइपला गोल फेरा मारून वेल्डिंग करायचं नाही, पाइपच्या लांबीने करायचं, नाहीतर पाइपच तिथं कमजोर होतो. शेवटी इंजिन परत आत. डोक्यावर ८.८ लिहिलेले बोल्ट, नायलॉनवाले नट. चारही बोल्ट त्यांनी खरंच बोटाने आत घातले. मलाही एक घालायला दिला. गेला.

आता माझा मुद्दा. या कामाला जुगाड म्हणणं बंद करा. मीही केलंय. जुगाड म्हणजे जे आहे त्यात कसंतरी भागवणं. पाव मिलिमीटरसाठी बुश परत पाठवणारा माणूस कसंतरी भागवत नसतो. आपल्या पलीकडंच किर्लोस्करवाडी. सायकलीच्या दुकानापासून सुरुवात केलेल्या माणसाने १९१० साली तिथल्या माळावर कारखाना काढला, लोखंडी नांगर केले, हे आपण प्रत्येक सत्कार समारंभात सांगतो. मी स्वतः अशी भाषणं किमान पन्नासदा कव्हर केली असतील. आणि देवराष्ट्र्याचे दत्तात्रय लोहार आठवतात का? भंगारातून छोटी जीप केली, आनंद महिंद्रांनी ट्विट केलं, आणि २०२२ च्या जानेवारीत त्या जीपच्या बदल्यात त्यांना बोलेरो मिळाली. आपल्या सगळ्यांच्या छात्या फुगल्या. महिंद्रांनी त्या ट्विटमध्येच म्हटलं होतं की ही गाडी नियमात बसत नाही, रस्त्यावर चालवू दिली जाणार नाही. तेवढं वाक्य आपण सोडून दिलं.

ते वाक्य सोडून चालणार नाही, म्हणून कायद्याचं स्पष्ट लिहितो. नाहीतर उद्या कुणीतरी म्हणेल, अमुक पत्रकाराने मॉडिफाइड गाड्यांची वकिली केली. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसी बुकातल्या आणि कंपनीच्या मूळ रचनेत फरक पडेल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. त्यामुळं ही इम्पल्स रस्त्यावर आली तर तिला पकडलंच पाहिजे. माझं याबद्दल दुमत नाही. बायपासवर रात्री अकराला फटाके फोडत जाणाऱ्या सायलेन्सरचा त्रास मलाही होतो, माझी आई हृदयाची पेशंट आहे.

पण रस्त्यासाठी हा कायदा आहे. माळासाठी काय आहे? पोलीस जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून वरून रोडरोलर फिरवतात, आम्ही फोटो छापतो, तुम्ही लाइक करता. माळावर शंभर गाड्या उड्या मारतात, तिथं लाऊडस्पीकरची परवानगी तेवढी बघितली जाते. नाशिक-पुण्याकडं सुपरक्रॉसच्या राष्ट्रीय फेऱ्या होतात, तिथं आधी गाडीची स्क्रूटिनी होते, मगच ती ट्रॅकवर. आपल्याकडं बैलांचं बघा. शर्यतीला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, पळण्याचं अंतर हजार मीटरच्या वर नेता येत नाही, बैल तंदुरुस्त असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला लागतो. वर्षानुवर्षं कोर्टात भांडून ही शर्यत परत मिळवली आणि नियमासकट मिळवली, आता तिला थार बक्षीस लागते. बैलाची नाडी तपासायची अक्कल आपल्याला आहे. मग ज्याच्यावर आपलं पोरगं बसलंय त्या गाडीचे चार बोल्ट तपासायला काय होतं?

काही जण म्हणतील, मग शर्यतीच बंद करा. तुमचं म्हणणं मला निम्मं पटतं. डीजे, धुरळा आणि पुढाऱ्यांचे फ्लेक्स बंद झाले तर मी पेढे वाटीन. पण बंद केल्या की पोरं माळ सोडून रस्त्यावर येतील, हे मला पंधरा वर्षांच्या पोलीस ठाण्याच्या फेऱ्यांवरून माहीत आहे. माळावर निदान समोरून ट्रक येत नाही.

तपासणीला लाखाची मशिनरी लागत नाही. मेस्त्रींनी मला दाखवलेली पद्धत त्यांना त्यांच्या उस्तादाने शिकवलेली आहे. पट्टी ब्रशने साफ करायची, डिझेल लावायचं, दोन-चार मिनिटं थांबून कोरडी पुसायची आणि वरून पांढरा खडू घासायचा. भेग असेल तर तिच्यात मुरलेलं डिझेल बाहेर येतं आणि खडूवर काळी रेघ उमटते. त्यांनी ती जुनी पट्टी घेतली आणि न तुटलेल्या दुसऱ्या कोपऱ्यावर हे करून दाखवलं. बारीक रेघ आली. म्हणजे तोही कोपरा वाटेला लागलेलाच होता. मी त्या रेघेचा फोटो काढलाय, खाली पहिल्या कमेंटमध्ये टाकतो.

एका गाडीला दहा मिनिटं धरा. फाउंडेशनचे बोल्ट कुठले आहेत, वेल्डिंगच्या कडेला भेग आहे का, वायसरची चळत लावली आहे का, चेन सरळ आहे का. नापास गाडीला फी परत द्यायची आणि घरी पाठवायचं. एक टेबल, दोन जाणती माणसं, एक खडू. आयटीआयची पोरं मदतीला घेतली तर तीही शिकतील. वेल्डर आणि मेकॅनिक मोटर व्हेईकल असे ट्रेड आहेत, ती पोरं वर्षभर ठरलेले नमुने कापतात, जोडतात आणि टाकून देतात. त्यांना कुणीतरी खरी तुटलेली पट्टी हातात द्या.

दिवाळीनंतर पुन्हा शर्यत घ्यायचं चाललंय. संयोजकांपैकी तिघांशी बोललो. एक म्हणाला, कल्पना चांगली आहे, बघू. दुसरा म्हणाला, तपासणी ठेवली तर एंट्री निम्म्यावर येतील. हा माणूस खरं बोलला, त्याबद्दल त्याचे आभार, पण ज्या निम्म्या गाड्या तपासणीला घाबरून येणार नाहीत त्यांच्यावर बसणारी पोरं कुणाची आहेत, ते त्याने स्वतःच्या गल्लीत जाऊन बघावं. तिसरा म्हणजे मे महिन्यात मला फोनवर माहिती देणारा. तो म्हणाला, "दादा, तुम्हीच छापलं होतं ना जुगाड म्हणून?" यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. ही पोस्ट त्याच्यासाठीसुद्धा आहे.

मेस्त्रींना विचारलं, तपासणीच्या टेबलावर बसाल का? बराच वेळ काही बोलले नाहीत, माझ्या झडपेच्या बिजागऱ्या लावत होते. मग म्हणाले, बसतो, पण फ्लेक्सवर नाव-फोटो नको, आणि ज्या गाडीची पट्टी मी केली ती मी तपासणार नाही, ती दुसऱ्याने तपासायची. ही अट मी संयोजकांना लेखी कळवली आहे. पोलीस ठाण्यातही एक प्रत दिली आहे, पोहोच घेतली आहे. उत्तर आलं की इथंच टाकेन.

राहिली माझी दुरुस्ती. ज्या दैनिकात ती बातमी आली तिथं खुलासा पाठवला होता, तो तीन ओळींत, आतल्या पानावर, छोट्या जाहिरातींच्या वर आला. तो कुणी वाचला नसणार. म्हणून इथं लिहितो : गॅरेज विनापरवाना नव्हतं. दुकानाचा शॉप ॲक्टचा दाखला आहे, मी पाहिला आहे. फाउंडेशनची पट्टी शर्यतीच्या बरेच दिवस आधीपासून तडकत आली होती आणि शर्यतीत उतरताना ती कुणीही तपासली नाही. ते जुनं कात्रण तुमच्या ज्या ज्या ग्रुपवर असेल, त्याच्या खाली ही पोस्ट टाका. शाळेच्या गेटचं काम ज्यांनी काढून घेतलं त्या मंडळींपैकी दोघं माझ्या यादीत आहेत, ते वाचतीलच. गेट अजून बसलेलं नाही, काल जाताना पाहिलं, तिथं बांबू आडवे लावलेत.